दिवाळीच्या गर्दीत किराण्याचं बिल कसं तपासावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसुबारसेच्या आधीच्या शनिवार-रविवारी सुपरमार्केटात पाय ठेवायला जागा नसते. रवा, मैदा, बेसन, पोहे, तूप, सुकामेवा, उटणं आणि त्यात महिन्याचं नेहमीचं वाणसामान. ट्रॉली ओसंडून वाहते, बिल हातभर लांब निघतं आणि मागची रांग बघून आपण ते तसंच घडी घालून पिशवीत टाकतो. याच दिवसांत ऑफर भराभर बदलतात, नवा माल जुन्या मालात मिसळतो आणि काउंटरवर सणापुरती घेतलेली नवखी मुलं-मुली असतात. चूक व्हायला एवढं पुरेसं असतं.

शेजारीपाजारी, नातेवाईक आणि सोसायटीतली मंडळी मला वेळोवेळी विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझा आग्रह एकच आहे. बिल दुकानातच तपासा, आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत बसण्यापेक्षा चुका जिथे होतात तिथेच बघा.

मागे एवढी रांग असताना बिल तपासायचं तरी कधी?

सामान स्कॅन होत असतानाच. बहुतेक काउंटरवर ग्राहकाकडे तोंड केलेला छोटा स्क्रीन असतो, त्यावर प्रत्येक वस्तू आणि तिची किंमत उमटत जाते. आपण त्या वेळी पिशव्या भरण्यात गुंतलेले असतो, म्हणून चूक निसटते. दोघं गेला असाल तर कामं वाटून घ्या. एकाने सामान काउंटरवर ठेवावं आणि पिशव्या भराव्यात, दुसऱ्याने नजर स्क्रीनवरून हलवू नये. एकटे असाल तर पिशव्या नंतर भरा. सामान परत ट्रॉलीत टाकत जा आणि पैसे दिल्यावर बाजूला जाऊन भरा.

सामान काउंटरवर ठेवायची पद्धतही कामाला येते. एकसारखी पाकिटं एकत्र, ऑफरच्या वस्तू एकत्र आणि वजनाच्या सुट्या वस्तू शेवटी. असं ठेवलं की स्क्रीनवर काय यायला हवं हे आधीच डोक्यात असतं.

पैसे दिल्यावर काउंटर आणि दरवाजा यांच्यामध्ये दोन मिनिटं थांबा. दारावरचा रखवालदार बिलावर शिक्का मारतो किंवा भोक पाडतो, पण तो सामान बिलाशी जुळतं का एवढंच बघतो. किमती तपासणं त्याचं काम नाही. एकदा बाहेर पडलात की परत आत जाऊन रांग लावायचा कंटाळा येतो आणि वीस-पंचवीस रुपये असले तर आपण सोडून देतो.

चुका नेमक्या कुठे होतात?

सर्वांत आधी नगांत. तुम्ही बेसनाची पाच पाकिटं घेतली, तर कॅशियर एकच पाकीट स्कॅन करून आकडा टाइप करतो. पाचाच्या जागी सहा पडले की संपलं. कधी बीप ऐकू आला नाही म्हणून तीच वस्तू दोनदा स्कॅन होते. म्हणून बिल हातात आल्यावर किमतींच्या आधी नगांचा रकाना वाचा.

मग ऑफर. तिच्यावर पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

तिसरी जागा म्हणजे सारख्या दिसणाऱ्या वस्तू. सुट्या मालाला दुकानाने स्वतःचे कोड दिलेले असतात. जाड पोहे आणि पातळ पोहे, कोलम आणि आंबेमोहोर, काजू तुकडा आणि अख्खे काजू. घाईत शेजारचा कोड दाबला गेला की काजू तुकड्याला अख्ख्या काजूचा भाव लागतो, आणि किलोमागे तो फरक थोडाथोडका नसतो. दिवाळीच्या बिलात मला विचाराल तर सुकामेव्याच्या ओळी आधी वाचाव्यात, कारण सर्वांत महाग ओळी त्याच.

चौथी जागा जोडपाकिटांची. तीन साबणांचा गठ्ठा असतो आणि त्याच्या वेष्टनावर एक बारकोड असतो, पण आतल्या प्रत्येक वडीवरही वेगळा बारकोड असतो. वेष्टन पारदर्शक असेल तर मशीन आतलाच बारकोड वाचतं. मग कॅशियर तीन नग टाकतो आणि गठ्ठ्याची सवलत गायब होते. टूथपेस्टला चिकटवलेला फुकटचा ब्रश वेगळा स्कॅन होऊन त्याचे पैसे लागतात, तोही याच जातीचा प्रकार.

आणि शेवटची, सहज सुटणारी: तुमच्या आधीच्या ग्राहकाची काउंटरवर मागे राहिलेली वस्तू तुमच्या बिलात येणं. आपलं सामान ठेवण्याआधी पुढच्या माणसाचं बिल पूर्ण झालंय का बघा आणि मध्ये हातभर जागा सोडा.

बिलाची एक ओळ वाचायची कशी?

उदाहरण घेऊ. ओळ अशी आहे: बेसन १ किग्रॅ, नग २, दर ९८.००, रक्कम १९६.००. यात चार गोष्टी आहेत आणि चारही जुळायला हव्यात. पाकीट एक किलोचं आहे की अर्ध्या किलोचं, नग दोनच आहेत ना, दर शेल्फवर होता तोच आहे ना आणि गुणाकार. गुणाकार मशीन करतं, त्यात चूक नसते. म्हणून डोकं पहिल्या तिघांवर खर्च करा.

बिलावर वस्तूंची नावं फार तोडून छापलेली असतात. नावावरून कळलं नाही तर वजन आणि किंमत यांवरून ओळखा. काही दुकानं वस्तू स्कॅन झालेल्या क्रमाने न छापता जीएसटीच्या दराप्रमाणे गट करून छापतात. त्यामुळे एकत्र ठेवलेले रवा आणि उटणं बिलात लांब लांब दिसू शकतात. गोंधळू नका, गट शोधा.

बिलाच्या तळाशी एकूण वस्तू आणि एकूण नग असे दोन आकडे असतात. वस्तू म्हणजे किती ओळी, नग म्हणजे किती पाकिटं. पिशवीतली पाकिटं मोजून नगांशी ताडून पाहणं ही सर्वांत जलद तपासणी आहे. फक्त एक लक्षात ठेवा: सुटा माल किलोत मोजला जातो, म्हणून काही बिलांवर एकूण नग २३.७४५ असा विचित्र आकडा येतो. पूर्णांकाच्या पुढचे ते ग्रॅम असतात. अशा बिलात सुट्या वस्तू बाजूला ठेवून पाकिटं मोजा.

एकूण रक्कम बरोबर आहे का हे मनातल्या मनात कसं कळेल?

ट्रॉलीत वस्तू टाकतानाच दहाच्या पटीत बेरीज करत जा. ९८ चे १००, १४३ चे १४०, ६६ चे ७०. कमी-जास्त एकमेकांत जिरतं आणि काउंटरला पोहोचेपर्यंत अंदाज तयार असतो. बिल त्याहून बरंच जास्त आलं तर थांबून बघायचं. मुलांना हे काम फार आवडतं. त्यांच्या हातात कागद-पेन्सिल द्या.

शेल्फवर एक भाव आणि बिलात दुसरा. खरा कुठला धरायचा?

आधी शेल्फवरची चिठ्ठी नीट वाचा. चिठ्ठी वस्तूच्या खाली असते की वर, हे दुकानागणिक बदलतं. गर्दीत माल इकडचा तिकडे होतो. चिठ्ठीवर नाव आणि वजन छापलेलं असतं. ५०० ग्रॅमची चिठ्ठी आणि हातात ४५० ग्रॅमचं पाकीट असा घोळ फार होतो.

चिठ्ठी त्याच वस्तूची आहे आणि तरीही काउंटरवर जास्त दर लागला, तर चिठ्ठीचा फोटो दाखवा आणि तोच दर मागा. जुनी ऑफर संपली आणि चिठ्ठी काढायची राहून गेली, असं बहुतेक वेळा झालेलं असतं. चांगली दुकानं वाद न घालता चिठ्ठीवरचा दर देतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये किमतीबाबत लोकांची दिशाभूल करणं हे अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं, त्यामुळे तुमचं म्हणणं पोकळ नाही. पण वस्तू घ्यायची की नाही हे काउंटरवर ठरवायचा हक्क सरळ आहे: दर पटला नाही तर ती ओळ बिलातून काढायला सांगा.

छापील किमतीपेक्षा जास्त लावलं तर?

ते चालत नाही. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार एमआरपी ही सर्व करांसह कमाल किंमत असते. त्याखाली कितीही घ्यावं, वर नाही. फ्रिजमध्ये ठेवल्याचे वेगळे पैसे म्हणून थंड पेयाच्या बाटलीवर दोन-पाच रुपये वाढवणंही यात बसत नाही.

एकाच वस्तूच्या दोन पाकिटांवर दोन एमआरपी असू शकतात, एक जुन्या मालावरची आणि एक नव्या. तुमच्या हातातल्या पाकिटावर जी छापली आहे तीच तुमच्यासाठी कमाल. बिलात नव्या मालाचा दर लागला असेल तर पाकीट दाखवून दुरुस्त करून घ्या. आणि छापील किमतीवर चिकटवलेलं लेबल दिसलं तर लक्षात ठेवा, किंमत कमी करण्यासाठी लेबल लावता येतं, तेही मूळ छापील किंमत झाकली जाणार नाही अशा बेताने. किंमत वाढवण्यासाठी लावता येत नाही.

एकावर एक फुकट म्हणाले आणि बिलात दोन्हीचे पैसे दिसतात. फसवलं का?

लगेच तसं समजू नका. बरीच बिलिंग मशीन दोन्ही वस्तू पूर्ण दराने छापतात आणि सवलत खाली वेगळ्या ओळीत वजा चिन्हाने दाखवतात. काही बिलांत दुसरी वस्तू शून्य रुपयांना येते. म्हणून आधी तळाची सवलतीची ओळ शोधा. ती नसेल तर मात्र ऑफर लागलेली नाही.

न लागण्याची कारणं साधारण ठरलेली असतात. ऑफर एका विशिष्ट वजनाच्या पाकिटावर असते आणि आपण दुसरं उचललेलं असतं. किंवा दोन्ही नग एकाच चवीचे हवे असतात. उलटही घडतं: तुम्ही दोन वेगळ्या चवींची बिस्किटं घेतली, ऑफरमध्ये दोन्ही चालतात, पण कॅशियरने एकच पुडा स्कॅन करून नग दोन टाकले किंवा एक वेगळाच कोड लागला, आणि मशीनला जोडी ओळखता आली नाही. अशा वेळी प्रत्येक पाकीट वेगळं स्कॅन करायला सांगा.

ठरावीक रकमेच्या खरेदीवर साखर स्वस्त किंवा तेल स्वस्त, अशा ऑफरमध्ये बारीक अक्षरांत काही वस्तू त्या रकमेतून वगळलेल्या असतात. पाटी वाचा, फोटो काढा. आणखी एक. बिलातली एखादी वस्तू कमी करायला लावलीत तर एकूण रक्कम त्या मर्यादेखाली जाऊन आधी मिळालेली सवलत निघून जाऊ शकते. म्हणून दुरुस्त केलेलं बिल पुन्हा वाचा. लोक हे विसरतात.

सुट्या मालाच्या वजनात काय बघायचं?

काट्यावर काही ठेवण्याआधी शून्य दिसतंय का ते बघा. मग डबा किंवा पिशवी ठेवून काटा परत शून्य केला जातो, त्यानंतर माल टाकला जातो. हे झालं नाही तर डब्याच्या वजनालाही मालाचा भाव लागतो. समजा काजू हजार रुपये किलो आहेत आणि डबा वीस ग्रॅमचा आहे, तर वीस रुपये डब्याचे गेले. मिठाईच्या दुकानात हे आवर्जून बघा, तिथले पुठ्ठ्याचे खोके जड असतात. खोक्यासकट वजन करणं नियमाला धरून नाही, आणि "भाऊ, खोका आधी ठेवून शून्य करा" म्हटलं की दुकानदार करतोही.

वजन झाल्यावर चिकटवली जाणारी चिठ्ठी वाचा. तिच्यावर मालाचं नाव, वजन, किलोचा दर आणि रक्कम असते. तिच्यावरचा बारकोड तेरा आकड्यांचा असून बहुधा २ ने सुरू होतो, कारण २ ने सुरू होणारे आकडे दुकानांच्या अंतर्गत वापरासाठी राखलेले आहेत. वस्तूचा कोड आणि वजन किंवा रक्कम त्यातच दडलेली असते. भारतात नोंदणी झालेल्या कंपन्यांच्या पाकिटांचे आकडे ८९० ने सुरू होतात. याचा उपयोग असा की सुट्या मालाची चूक काउंटरवर जन्मत नाही, ती काट्यावर आधीच झालेली असते. म्हणून चिठ्ठी काट्यापाशीच वाचायची. काउंटरवर सांगितलंत तर तुम्हाला परत तिकडेच पाठवतील आणि रांगेतली जागा जाईल.

व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापनशास्त्र यंत्रणेकडून, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून, पडताळणी व्हावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र दिसेल असं लावावं लागतं. शंका आली तर ते कुठे आहे हे विचारायला संकोच नको.

बिलाच्या तळाशी जीएसटीचा तक्ता असतो. तो कर वर वेगळा लावला आहे का?

नाही. तो आधीच भरलेल्या किमतीचा हिशोब असतो. १०५ रुपयांची वस्तू ५ टक्क्यांच्या दरात बसत असेल तर तक्त्यात १०० रुपये मूळ किंमत, २.५० केंद्राचा आणि २.५० राज्याचा कर असं दिसेल. तुम्ही दिले १०५ च. खात्री करायची तर ओळींतल्या रकमांची बेरीज करा, सवलत वजा करा आणि ती एकूण रकमेशी जुळते का पाहा. जुळली तर कर वेगळा लागलेला नाही. एमआरपीच्या वर पुन्हा जीएसटी लावलेला दिसला तर ती चूक आहे.

छोट्या दुकानदारांपैकी बरेच जण कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, असतात. त्यांना ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही, आणि ते जे देतात त्यावर बिल ऑफ सप्लाय असं लिहिलेलं असतं. अशा बिलावर जीएसटीची वेगळी रक्कम दिसली तर विचारा.

कुठल्या वस्तूवर किती जीएसटी हे माहीत असायला हवं का?

सगळं पाठ करायची गरज नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले तेवढं ध्यानात असलं की पुरे. साबणाच्या वड्या, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ वर आली. तूप, लोणी, चीज, बदाम, पाकीटबंद फरसाण १२ वरून ५ वर. पाकीटबंद पनीरवरचा कर गेला. कपडे धुण्याची पावडर मात्र १८ वरच राहिली. या वस्तूंपुढे बिलात जुना दर दिसला तर दुकानाच्या यंत्रणेत बदल राहून गेला आहे, सांगा त्यांना.

धान्य, डाळी आणि पिठांचा नियम वेगळा आहे. १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या, २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद मालावर ५ टक्के लागतात. तुमच्यासमोर पोत्यातून काढून तोललेल्या सुट्या चणाडाळीवर काही नाही.

पिशवीचे पैसे न विचारता लावले. द्यायचे का?

विचारून लावले आणि तुम्ही हो म्हणालात तर द्या. न सांगता बिलात आले तर काढायला सांगा. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये, ग्राहकाला आधी कल्पना न देता काउंटरवर पिशवीचे पैसे आकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचं म्हटलं आहे. बिलात ही ओळ बहुधा अगदी पहिली किंवा अगदी शेवटची असते. घरून पिशव्या न्या, प्रश्नच मिटतो.

मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल होत नाही म्हणतात. खरं आहे?

नाही. नंबर द्यायची सक्ती करू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना दिलेली आहे. "नंबर द्यायचा नाही, तसंच बिल करा" एवढं म्हणा. सदस्यत्वाची सवलत हवी असेल तर नंबर लागेल, तो तुमचा निर्णय. आणि बिल फक्त मोबाइलवर पाठवतो म्हणाले तर दारातून बाहेर पडण्याआधी ते आलंय का ते उघडून बघा.

आमचा वाणी कोऱ्या कागदावर यादी करून देतो. तिथे हे सगळं कसं लागू होणार?

तिथली तपासणी खरं तर सोपी असते, कारण दुकानदार ओळखीचा असतो आणि हातातलं काम थांबवून बोलतो. आपली यादी दोन प्रतींत ठेवा, किंवा पाठवलेला मेसेज उघडा ठेवा. सामान घरी आल्यावर प्रत्येक वस्तू काढताना यादीवर टिक आणि शेजारी त्याने लावलेला भाव. हाताने केलेल्या बेरजेत हातचा राहून जातो, त्यामुळे इथे मात्र बेरीज मोबाइलवर पुन्हा करा. सुपरमार्केटच्या उलट, इथे भाव बरोबर आणि बेरीज चूक असं जास्त होतं.

महिन्याचं खातं असेल तर वहीतल्या नोंदीवर तारीख आणि रक्कम त्याच दिवशी बघून घ्या. महिन्याच्या शेवटी कुणालाच आठवत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या संबंधात उगाच कटुता येते. छापील पावती हवी असेल तर मागा. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराला २०० रुपयांखालच्या विक्रीवर ग्राहकाने मागितलं नाही तर बिल न देण्याची मुभा आहे, पण मागितल्यावर द्यावं लागतं.

सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट देतात. आणि राउंड ऑफ म्हणजे काय?

राउंड ऑफ म्हणजे पैशांचा आकडा जवळच्या रुपयावर आणणं. तो पन्नास पैशांच्या आत-बाहेर असतो, कधी तुमच्या बाजूने, कधी दुकानाच्या. त्याहून जास्त दिसला तर विचारा. चॉकलेट घ्यायची सक्ती नाही. यूपीआयने अचूक रक्कम भरली की विषय संपतो.

पैसे दोनदा गेले किंवा खात्यातून गेले पण दुकानात आले नाहीत, तर?

दुसऱ्यांदा पैसे भरण्याआधी तुमच्या बँकेच्या मेसेजमध्ये खात्यातून रक्कम वजा झाली का ते बघा. झाली असेल आणि दुकानाकडे पुष्टी आली नसेल तर व्यवहाराचा क्रमांक असलेल्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे दुकानदाराला केलेला असा फसलेला यूपीआय व्यवहार पाच दिवसांत आपोआप उलटायला हवा. त्यानंतर उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. दोन्ही वेळा दुकानाला पैसे मिळाले असतील तर मात्र बँक काही करणार नाही, ते दुकानाकडूनच परत घ्यायचे. म्हणून व्यवस्थापकाला दोन्ही क्रमांक तिथल्या तिथे दाखवा.

कॅशियरला चूक सांगताना ओशाळल्यासारखं होतं. बोलायचं कसं?

त्यात ओशाळण्यासारखं काहीच नाही. दिवसभर उभं राहून शेकडो पाकिटं स्कॅन करणाऱ्या मुलीच्या हातून एखादी चूक होणारच, आणि ती तिच्या खिशात जात नाही. आरोप न करता ओळ दाखवा. "ताई, इथे दोन नग आलेत, माझ्याकडे एकच आहे, जरा बघता का?" एवढं पुरतं. वस्तू हातात धरून, बिलावर बोट ठेवून बोला. दुरुस्ती करायला बऱ्याच ठिकाणी कॅशियरला अधिकार नसतो, सुपरवायझरची किल्ली किंवा पासवर्ड लागतो. त्यामुळे दोन मिनिटं जातील. मागच्या काकांना "एक मिनिट हं, बिलात चूक झालीय" म्हटलं की सहसा कुणी कुरकुरत नाही.

चूक तुमच्या फायद्याची असेल, एखादं तुपाचं पाकीट स्कॅनच झालं नसेल, तेव्हाही तसंच सांगा. दिवसाच्या शेवटी हिशोब जुळला नाही तर बोलणी त्या काउंटरवरच्या माणसाला बसतात.

घरी आल्यावर चूक दिसली. आता उशीर झाला का?

नाही. ती वस्तू उघडू नका, बिल आणि वस्तूचा एकत्र फोटो काढा आणि बिलावरच्या नंबरवर त्याच दिवशी फोन करा. जास्त नग लागले असतील तर सिद्ध करणं कठीण जातं, कारण वस्तू दाखवता येते, नसलेली वस्तू दाखवता येत नाही. तरीही बोला. काउंटरवर कॅमेरे असतात, बिलावर वेळ आणि काउंटर क्रमांक छापलेला असतो, आणि दुकानाच्या साठ्यात एक पाकीट जास्त भरतं.

काही बिलांवर विकलेला माल परत घेतला जाणार नाही असं छापलेलं असतं. माल सदोष असेल तर त्या ओळीने दुकानाची जबाबदारी संपत नाही. बिलात मुदत दिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं, हे २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेलं आहे.

दुकान ऐकतच नाही. तक्रार कुठे करायची?

आधी दुकानाच्या व्यवस्थापकाकडे लेखी, मेसेज किंवा ईमेलने. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावा. तिथे मराठीतही बोलता येतं. बिलाचा फोटो, वस्तूचा फोटो आणि दुकानाशी झालेला संवाद तयार ठेवा. एमआरपीपेक्षा जास्त घेतलं, वजनात घट आली, असल्या तक्रारी राज्याच्या वैधमापनशास्त्र यंत्रणेकडे जातात.

शेवटचा टप्पा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. वीस रुपयांसाठी कुणी आयोगात जात नाही हे खरं, पण एकाच दुकानात तीच चूक सोसायटीतल्या चार घरांना दिसली तर चौघांची बिलं एकत्र जोडून पाठवा. त्याकडे दुर्लक्ष करणं दुकानाला अवघड जातं.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत या ग्राहकांच्या संघटनेचं काम उभं केलं आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत एकत्र खरेदी-वितरणाचं काम करते आहे. तुमच्या भागात ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते असतील तर त्यांना भेटा, सल्ला मनापासून देतात.

बिलं किती दिवस जपून ठेवायची?

किराण्याचं बिल महिनाभर पुरे, म्हणजे ३० दिवसांचा काळ निघून जातो. पाहुण्यांसाठी घेतलेला मिक्सर किंवा इस्त्री त्याच बिलात असेल तर वॉरंटी संपेपर्यंत. ही बिलं थर्मल कागदावर छापलेली असतात, उष्णतेने आणि उजेडाने अक्षरं उडतात, प्लास्टिकच्या पाकिटात तर आणखी लवकर. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं बिल तर फार लवकर वाचेनासं होतं. त्याच दिवशी सरळ, पूर्ण लांबीचा फोटो काढा. बिल फार लांब असेल तर दोन-तीन भागांत काढा, पण तारीख, बिल क्रमांक आणि एकूण रक्कम असलेला भाग स्पष्ट यायला हवा. वॉरंटीच्या वस्तूंच्या बिलाची झेरॉक्स काढून वॉरंटी कार्डाला टाचून ठेवा.